बांधावरचा तेरडा

काय सांगू तुमाला, माजं सांगन्यासारखं हाय तरी काय, पन आलाच हाव तर बसा, त्या पायरीवर नको, ओली हाय ती, इकडं कठड्यावर बसा. माजं नाव यशोदा, गावात यसू बोलतात, इथं सोसायटीत लहान-थोर सगळे मावशी बोलतात. आमी इथलेच, नेरूळचे, म्हंजे इथं स्टेशन नव्हतं, सेक्टर नव्हते, तवाचे. खाडीच्या कडेला आमचा गाव आनि बापूस खार करायचा. खार म्हंजे खाडीला खेटून भातशेती, मधी मातीचा बांध, बांधाच्या पल्याड खारं पानी आनि अल्याड आमचा भात. बांध फुटला का भरतीचं पानी आत, मंग दोन-तीन वर्सं त्या जमिनीत भाताचा दाना नाय. म्हनून बापसानं बांधाला जपलं तेवढं आमा पोरांना जपलं नाय, खोटं कशाला बोलू. बांधावर बकरी जाऊ द्यायची नाय, बांधावरची काडी उपटायची नाय. एकदा, मी आठ-नऊ वर्सांची असंन, गौरीसाठी टेकडीवर तेरडा आनायला जायचं तर मला आला कंटाळा, मी बांधावरचीच चार झाडं उपटून आनली, तर बापसानं अशी कानाखाली ठेवून दिली का गौर घरात यायच्या आधी मीच रडत घरात आले. म्हंजे बगा, मला ठावं होतं. लहानपनापासनं ठावं होतं. आनि तरी मी केलं ते केलं. सांगते, घाई करू नका.

मंग जमिनी गेल्या. शहर बसवायचं म्हनून सरकारनं घेतल्या, डंपर यायला लागले, लाल मुरूम पडायला लागला, बापूस रोज सकाळी जाऊन उभा राहायचा, बघायचा. मला गावातच दिली. नवरा कंपनीत होता, कंपनी बंद झाली, दोन वर्सं घरात बसला आनि काळजीनंच गेला. एक पोरगा, तो कळंबोलीला लोखंडाच्या गाड्यांवर असतो, सून बरी हाय, तोंडानं फटकळ हाय पन माज्यापेक्षा नाय. मी आधी लोकांची भांडी केली, मंग या सोसायटीत लागले, झाडलोट आनि झाडांना पानी, अठरा वर्सं झाली. आनि ही सोसायटी कुठं उभी हाय ठाव हाय का तुमाला? माज्या बापसाच्या खाचरात. पहिल्या दिवशी झाडू घेऊन आले, आमच्या गावच्या देवळाकडचा जुना वड दिसला, वडावरनं अंदाज घेतला आनि मटकन खालीच बसले. सेक्रेटरी बोलला, काय मावशी, बीपी हाय का. मी काय बोलनार, बोलले हो, बीपी.

आता बाईंचं सांगते. तळमजल्यावर ती कोपऱ्याची रूम दिसते ना, बाहेर सायकल लावलीय ती, तिथं बाई राहायच्या. शाळेत शिकवायच्या, झाडांचं शास्त्र, मंग रिटायर झाल्या, मालक वारले, मुलगा पुन्याला, एकट्याच होत्या. आमची वळख कशी झाली, मी त्यांच्या खिडकीखाली गवत काढत होते तर आतनं आवाज, अगं थांब, ती ब्राह्मी हाय, ती नको काढू. मी बोलले, बाई, तुमी ब्राह्मी बोला, सेक्रेटरीला तो कचरा दिसतो. तर बोलल्या, सेक्रेटरीला काय गं, त्याला प्लास्टिकचं गवत सोडून सगळा कचराच दिसतो. तिथं आमचं जमलं. मंग रोज अकराला चहा, माजा कप वेगळा नाय हां, त्यांच्यातलाच, आनि मला विचारायच्या, याला तुमच्यात काय बोलतात, त्याची भाजी करता का, आनि मी सांगायची ते वहीत लिवून घ्यायच्या. माज्या तोंडातलं कुनी लिवून घ्यावं असं काय असतं मला ठाव नव्हतं. मी शाळेत दुसरीपर्यंत गेले, आनि ही मोठी शिकलेली बाई माज्याकडनं शिकायची, मला लाज पन वाटायची आनि बरं पन वाटायचं. सख्खी बहीन मला नाय, बाई होत्या.

पन दर पावसात बाईंच्या घरात पानी. बाईंची रूम म्हंजे आमच्या खाचरातली सगळ्यात खोल जागा, चारी बाजूचं पानी तिथंच उतरनार, त्याला काय ठाव वर बिल्डिंग बांधलीय म्हनून. गच्चीचे पाइप पन खाली लाद्यांवरच सोडलेले. वर्साला दोनदा-तीनदा घोट्याएवढं पानी घरात, गाद्या पलंगावर, पुस्तकं फळीवर, आनि बाई खुर्चीवर पाय घेऊन बसलेल्या. मुलगा फोनवर ओरडायचा, आई पुरे आता, पुन्याला ये, मोठं घर हाय, लिफ्ट हाय. चांगला हाय हो मुलगा, वाईट नाय. पन बाईंना जायचं नव्हतं. मला बोलल्या, यशोदा, तिथं मला सगळं हातात देतील, आनि मी दिवसभर पाहुनीसारखी सोफ्यावर बसनार, इथं मी मरेपर्यंत माज्या घरात हाय.

तर त्यांनी पुस्तकात वाचलं, रेन गार्डन बोलतात. म्हंजे काय, पानी गटारात ढकलायच्या आधी एका उथळ खड्ड्यात थांबवायचं, खड्ड्यात इथलीच झाडं लावायची, ओलीत कुजनार नायत आनि उन्हाळ्यात मरनार नायत अशी, मंग मुळांवाटे पानी खाली जिरतं, एका दिवसात खड्डा रिकामा. मला बोलल्या, जमंल का गं. मी बोलले, बाई, हे तर आमचं खाचर झालं, तुमी इंग्रजीत नाव ठेवलं. हसल्या. मीटिंगमधी कमिटीवाले बोलले डास होतील, साप येतील, गाड्या कुठं लावायच्या. बाई उभ्या राहिल्या, बोलल्या एक पावसाळा द्या, पानी घरात आलं तर परत बुजवा. आनि मुलगा पन बोलला, ठीक हाय, गनपती झाले का मी येऊन बघतो, तवापर्यंत घर कोरडं राहिलं तर पुन्याचं नाव काढनार नाय. म्हंजे सगळं त्या खड्ड्यावर आलं.

वैशाखात खनायला घेतला. दोन मानसं लावली, पन कोपरा मीच खनला, बाई खुर्ची टाकून समोर, डोक्यावर छत्री. आधी सगळा मुरूम, लाल, पहार आपटून हात भरून आले, आनि मंग गुडघ्याएवढं खाली गेल्यावर माती काळी झाली. चिकट, काळी, तिच्यात बारीक शिंपले. मी हातात घेतली, वास घेतला, आनि मला काय झालं काय ठाव, मी खड्ड्यात उभी राहूनच रडायला लागले. बापूस याच मातीनं बांध लिंपायचा. बाई खुर्चीवरनं उठल्या, वाकून माज्या हातातली थोडी माती आपल्या हातात घेतली, आनि तशाच उभ्या राहिल्या.

खड्ड्याच्या बुडाशी लव्हाळा आनि ब्राह्मी, कडेला निर्गुडी, आनि बाईंच्या घराच्या बाजूला मी बांध घातला, माजा बांध, बापूस घालायचा तसा, थर देऊन देऊन, पायानं तुडवून. बांधावर वाळा लावला, त्याची मुळं खोल जातात, पन बाई बोलल्या वाळ्याला धरायला एक-दोन वर्सं लागतील, यंदा बांध कोन धरनार. मी बोलले तेरडा. खारघरच्या डोंगराखालची एक आदिवासी बाई मला दर वर्साला गौरीची जुडी द्यायची, तिच्याकडनं बी आनलं. आनि श्रावनापर्यंत काय उगवला सांगू तुमाला, बांधावर आनि बी सांडलं तिथं खड्ड्याच्या आत पन, दाट, मांडीएवढा, मातीचा कन दिसंना.

पाऊस लागला आनि पहिल्या मोठ्या सरीला सगळी सोसायटी गॅलरीत. खड्डा भरला, काठोकाठ भरला, बांधाला लागला आनि थांबला. जास्तीचं पानी ठेवल्या वाटेनं जाळीतून गटारात गेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी खड्ड्यात नुसता चिखल आनि बेडूक. बाई उंबऱ्यावर हात फिरवून बघायच्या, कोरडा. आषाढ गेला, श्रावन गेला, उंबरा कोरडा. सेक्रेटरी पन येऊन फोटो काढून गेला, आनि ग्रुपवर टाकलं का आमी केलं. बाई बोलल्या, बोलू दे गं, घर माजं वाचतंय ना.

आनि आली गौर. आमच्यात गौर म्हंजे तेरडाच, मूर्ती-बिर्ती नंतरची. मुळासकट आनायची, तोडून आनली तर ती गौर नाय. सुपात घालून घरी न्यायची, दुसऱ्या दिवशी जेवन, चिंबोऱ्यांचा म्हंजे खेकड्यांचा निवद, तिसऱ्या दिवशी पान्यात. जमिनी गेल्यापासनं आमचा गाव तेरडा इकतच आनतो, रस्त्यावरनं, सुकलेली जुडी. आनि त्या वर्साला माज्या बापसाच्या जमिनीत, माज्या हातचा तेरडा, गुलाबी फुलांनी भरलेला. मी ठरवलं होतं का पाच झाडं न्यायची, ती पन खड्ड्याच्या आतली, बांधाची नाय. पन सून गावात बोलली असंल, दुपारी बघते तर गेटवर सुपं घेऊन बाया, आमच्या आळीतल्या, जावा-नंदा, म्हाताऱ्या. एक म्हातारी तर माज्या आयसच्या वयाची, काठी टेकत आली, बोलली यसू, मरायच्या आधी एकदा आपल्या खारीतली गौर घरात आनू दे. आता तिला नाय कसं बोलू? आनि तिला दिली तर दुसरीला नाय कसं बोलू? मी बोलले, घ्या गो, घ्या, आपलीच जमीन हाय.

ते बोलले आनि माजी छाती अशी भरून आली. आपलीच जमीन. कवापासनं हे वाक्य तोंडात आलं नव्हतं. अठरा वर्सं मी या जागेवर झाडू मारते, लोकं बोलतात मावशी इथं कचरा राहिला, आनि त्या दिवशी मी मालकीन होते, देत होते, वाटत होते. आतला तेरडा संपला तशा त्या बांधावर चढल्या, आनि मी त्यांना उतरा बोलले नाय. मुळासकट ओढला, मातीचे गड्डे निघाले, कवळा वाळा पन त्याच्याबरोबर निघाला. बाईंनी खिडकीतनं गौरीला हात जोडले, आनि हळूच विचारलं, यशोदा, बांध उघडा पडला का गं? मी बोलले नाय बाई, मी दाबते ना माती. दाबली, पायानं, चार वेळा. मला गौर घ्यायची घाई होती.

तिसऱ्या दिवशी पाऊस. अष्टमी-नवमीच्या अंगाला खाडीच्या पान्याला जोर नसतो, भांग बोलतो आमी त्याला, म्हंजे दोष भरतीवर पन ढकलता येत नाय, नुसता वरचा पाऊस होता, आनि माजा उघडा बांध. मी तळ्यावर होते, गौर बोळवायला, आमी सगळ्या भिजत गानी म्हनत होतो, आनि इकडं बांध खचला, माती जाळीवर जाऊन बसली, जाळी बंद झाली आनि सगळा खड्डाच्या खड्डा बाईंच्या दारातनं आत. बाई वह्या उचलायला उठल्या, चिखलात पाय सरकला, खुब्याचं हाड मोडलं. किती वेळ पडून होत्या ते त्या अजून सांगत नायत. वॉचमननं आवाज ऐकला. मी पळत आले तवा त्यांना नेलं होतं, आनि घरात बघते तर सगळ्या फरशीवर माजा बांध पसरलेला, लाल-काळा. तीन दिवस तो चिखल काढत होते मी. कुनाला मदतीला घेतलं नाय.

हॉस्पिटलात मुलगा होता, सेक्रेटरी होता. सेक्रेटरी मला बोलला, मावशी, बाहेरच्या बायांना आत घेऊन झाडं उपटायला कुनी सांगितलं होतं, तुमाला आता ठेवता येनार नाय. मी तोंड उघडनार तवड्यात बाई पलंगावरनं बोलल्या, मी सांगितलं होतं. खनखनीत आवाजात, शाळेत बोलत असतील तशा. माजी परवानगी होती, तिला काय बोलू नका. आनि मी गप्प बसले. का बसले, नोकरीसाठी बसले, दुसरं काय. मुलगा मला बाहेर सोडायला आला, बोलला मावशी, तुमचा काय दोष नाय, आईचंच वय झालंय. त्याच्यापेक्षा त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ऑपरेशन झालं, आनि हॉस्पिटलातनंच गाडी पुन्याला. घर परत बघितलं पन नाय बाईंनी.

त्या थंडीत कमिटीनं खड्डा बुजवला आनि वर पेव्हर ब्लॉक. राहिलेली झाडं काढायला मलाच सांगितलं, मीच काढली. ते बगा, लाल-पिवळे, त्या दोन गाड्या उभ्या हाईत ना, तिथंच. बाईंच्या रूममधी एजंटाकरवी भाडोत्री ठेवलेत, मुलगा इकडं फिरकत नाय, पावसात त्यांच्या घरात पानी येतं, ते बोलतात मावशी आधीपासनं असंच हाय का, मी बोलते हो.

आनि आता खरं सांगायचं ते सांगते. पहिल्या आठवड्यात बाईंचा फोन आला, पडल्या पडल्या विचारलं, यशोदा, बांध परत घातलास का गं. मी बोलले घातला बाई. तवा वाटलं, दुखन्यात मानूस हाय, बरं वाटू दे, मागनं सांगू. पन दर रविवारी फोन. आज काय फुललंय यशोदा? आनि मी सांगते. दोन वर्सं झाली, सांगतेय. निर्गुडीला निळा तुरा आलाय, लव्हाळा पिवळा पडला, खंड्या येऊन बसतो, वाळ्यानं बांध धरला. डोळ्यासमोर पेव्हर ब्लॉक असतात आनि तोंडानं मी बापसाच्या खारीतलं सांगत असते, जवा जे असायचं ते, महिन्यापरमानं, चुकत नाय मी. बाई तिकडं वहीत लिवून घेतात. काठीनं चालायला लागल्या तवा बोलल्या, यशोदा, मी तुज्या बागेच्या जोरावर उठले. मी फोन ठेवला आनि या कठड्यावर बसून राहिले, झाडू तसाच हातात.

गेल्या रविवारी बोलल्या, मुलाला मी पटवलं, भाडोत्र्यांना एजंटाकरवी रूम खाली करायला सांगितलं, मी घरी येते, गौरीच्या आदल्या दिवशी. बांध धरलाय ना, मंग आता मला भीती कसली. हसत होत्या. मी बोलले या. दुसरं काय बोलनार होते, सांगा तुमी? फोन घेते हातात, नंबर लावते, आनि ठेवून देते. तोंडानं निघत नाय माज्या. दोन वर्सं खोटं बोलायला जीभ चालली, आता खऱ्याला चालत नाय.

म्हनून तुमाला बोलावलं. तुमी लोकांचं ऐकून लिवता, छापता, असं त्या तिसऱ्या मजल्यावरच्या पोरीनं सांगितलं. माज्या नावाचं कवतिक करायला नाय हो. हे छापा, आनि पहिला कागद बाईंना पाठवा, त्या निघायच्या आधी. अक्षरं मोठी काढा, त्यांना बारीक दिसत नाय. लिवा का बांध मी उघडा टाकला, मोठेपनाच्या नादात टाकला, आनि हॉस्पिटलात गप्प बसले. लिवा का बाग नाय बाई, पेव्हर ब्लॉक हाय, पानी येनार, तुमी येऊ नका. देव तुमाला पुन्याच्या त्या घरात सुखात ठेवो, मी गौरीकडं तेवढंच मागते. आनि वाचून राग आला, फोन नाय आला रविवारी, तर मी समजंन का बाईंनी वाचलं.